नहराच्या पाळीवरून: पवनी ते आसोलामेंढा

ब्रह्मपुरीहून नागभीडकडे जाणाऱ्या महामार्गावर मी गेली अकरा वर्षे सायकल चालवीत आलो आहे. त्यांतली शेवटची तीन वर्षे मी ती केवळ सवयीने चालवीत होतो. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि त्याच मापाने मागून येणाऱ्या ट्रकांचा वेग वाढला. डिसेंबरातील एका रविवारी मी सहज मोजायला लागलो, तेव्हा तासाभरात मला ओलांडून गेलेली मोठी वाहने शंभराच्या वर भरली. दर वेळी हॅण्डल घट्ट धरायचे, श्वास रोखायचा आणि वाऱ्याचा लोट ओसरला की पुन्हा पायडल मारायचे, असा तो व्यायाम झाला होता. त्या दिवशी घरी येऊन मी मामेभावाला विचारले, की आपल्या भागात तीन दिवस सायकल चालवता येईल आणि ट्रक दिसणार नाही अशी वाट आहे काय. तो शेतकरी माणूस, त्याने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "नहराची पाळ हाये ना!"

आमच्याकडे कालव्याला नहर आणि त्याच्या काठच्या बांधाला पाळ म्हणतात, आणि नहर म्हटला की गोसीखुर्दचा उजवा कालवा डोळ्यांपुढे येतो. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि कालव्यांची कामे आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालत राहिली. डावा कालवा जेमतेम २३ किलोमीटरांचा आहे. उजवा मात्र सुमारे ९९ किलोमीटर धावतो आणि भंडारा जिल्ह्यातून चंद्रपूर जिल्ह्यात उतरून आसोलामेंढ्याच्या जुन्या ब्रिटिशकालीन तलावाला जाऊन मिळतो. कालव्याची देखरेख करायची म्हणजे त्याच्या काठाने वाहन जाईल एवढी वाट ठेवावीच लागते. ही वाट कुठल्याही दोन मोठ्या गावांना जोडण्यासाठी केलेली नसते. ती पाण्याच्या उताराने जाते, त्यामुळे तिच्यावर चढ जवळजवळ नसतो आणि कामाशिवाय तिच्यावर कुणी येत नाही. सायकलस्वाराला आणखी काय हवे, असे मला तेव्हा वाटले होते. बरेच काही हवे असते, हे नंतर कळले.

पहिला आठवडा नकाशात गेला. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांत कालवा निळ्या-करड्या रेघेसारखा स्पष्ट दिसतो. पण त्याची वाट कुठल्या काठावर आहे, मधल्या नाल्यावर पूल आहे की नुसता कालव्याचे पाणी पलीकडे नेणारा जलसेतू, आणि कुठे काम अर्धवट पडून माती तशीच आहे, हे चित्रावरून समजत नाही. त्यासाठी मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, ज्या गावांवरून जायचे होते त्यांचे गाव नकाशे मिळवून त्यांत शेतांमधून जाणारे पांदण रस्ते कुठे कालव्याला छेदतात ते पेन्सिलीने खुणावून ठेवले, कारण पाळ तुटली तर आपल्याला पांदणच तारणार हे उघड होते. दुसरी म्हणजे, पाटबंधारे विभागाच्या संबंधित कार्यालयात जाऊन रीतसर अर्ज दिला. कालव्याची वाट हा सार्वजनिक रस्ता नव्हे; ती विभागाची मालमत्ता आहे आणि तिच्यावर जाण्यासाठी विचारणे हे सौजन्याचे नव्हे तर नियमाचे काम आहे. अर्ज घेणाऱ्या लिपिकांनी प्रयोजनाच्या जागी "सायकल फिरविणे" हे शब्द वाचून चष्मा काढला आणि मी मत्स्यव्यवसायाचा ठेका तर मागत नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली. तिसऱ्या फेरीत तोंडी होकार मिळाला, आणि त्याबरोबर अत्यंत उपयुक्त असा सल्लाही: जानेवारीच्या मध्यात उन्हाळी धानासाठी पाणी सुटलेले असेल, तेव्हा गेटांवर चौकीदार हजर असतील, त्यांना साखळी क्रमांक सांगितला की ते पुढची वाट सांगतील. कालव्यावरील प्रत्येक जागेला धरणापासूनच्या अंतराचा असा एक क्रमांक असतो, आणि तीन दिवस आमचा पत्ता तोच राहिला.

वनखात्याकडील भेट निराळ्या स्वरूपाची होती. हा कालवा बऱ्याच ठिकाणी जंगलातून जातो, आणि ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचे वास्तव्य कुठल्या राखीव क्षेत्रापुरते नाही, ते गावांच्या धुऱ्यापर्यंत आहे, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. वनरक्षकांनी आम्हाला परावृत्त केले नाही, मात्र वेळ बांधून दिली. जंगलाच्या पट्ट्यात सकाळी आठच्या आत शिरायचे नाही, दुपारी चारच्या पुढे तिथे राहायचे नाही, दोघांनी हाकेच्या अंतरातच राहायचे आणि बोलत राहायचे. शेवटी त्यांनी जे सांगितले ते मी वहीत शब्दशः लिहून ठेवले आहे: "पंक्चर झाली तरी जंगलात खाली बसायचं नाही जी. बसलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही." मोहफुले वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, गवत कापताना वाकलेल्या माणसांवरच हल्ले का जास्त होतात, याचे हे त्यांनी एका वाक्यात दिलेले स्पष्टीकरण होते.

सायकलींची तयारी लवकर आटोपली. माझी गिअरची आहे आणि तिला मी अडतीस मिलिमीटर रुंदीचे टायर चढवून घेतले. मामेभावाने आपली बावीस इंची काळी सायकलच नेण्याचा हट्ट धरला, कारण तिच्या कॅरिअरवर धानाचे पोते राहते तर आपला बिछाना का राहणार नाही, असा त्याचा बिनतोड मुद्दा होता. दोन जादा ट्यूब, सोल्यूशन, पॅच, पॉलिश पेपर, त्याच्या सायकलीसाठी वॉलची रबरी नळी, प्रत्येकी चार लिटर पाणी, आणि त्याच्या खिशात एक लहान वही. रस्त्यात भेटणारे प्रत्येक मोटारवाहन त्या वहीत रेघ ओढून नोंदवायचे, असे आमचे ठरले होते.

धान घेऊन जाणाऱ्या एका पिकअपमध्ये सायकली टाकून आम्ही पवनीला पोहोचलो. पवनीचा जुना कोट, खंदक आणि वैनगंगेवरचे घाट पाहण्याजोगे आहेत. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि त्यावरून हे गाव दोन हजार वर्षांपूर्वीही नांदते होते हे सिद्ध झाले. आम्ही मात्र घाटावर पाय धुऊन लगेच उत्तरेकडे वळलो, कारण धरण तिथून नऊ-दहा किलोमीटरांवर आहे आणि कालव्याचा पहिला दगड धरणाशी आहे. तेहतीस दरवाजांचे ते धरण पाठीमागे ठेवून, कालव्याच्या मुखाशी उभ्या असलेल्या चौकीदारांना नमस्कार करून, सकाळी सव्वानऊला आम्ही पाळीवर चाके घातली.

पहिला तास मी फारसे बोललो नाही. उजव्या हाताला काठोकाठ चालणारे हिरवट पाणी, डाव्या हाताला खाली पसरलेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेते, आणि चाकाखाली मुरमाचा एकसारखा आवाज. कुणी मागून येत नाही हे शरीराला पटायला वेळ लागतो. माझा डावा खांदा कितीतरी वेळ उगीचच आखडून धरलेला होता, हे तो सैल पडल्यावर माझ्या लक्षात आले. पाण्याबरोबर चालल्यामुळे उतार जाणवत नाही, पण पायांना तो कळतो. ताशी बारा किलोमीटरांचा वेग कष्टाविना राहत होता.

अडचण आली ती अकराच्या सुमारास, आणि ती आमच्या अज्ञानाची होती. कालव्याला दोन काठ असतात, पण वाहन जाण्याजोगी वाट बहुतेक ठिकाणी एकाच काठावर असते. दुसऱ्या काठावर अरुंद पायवाट, बेशरमीची झुडपे आणि बाभळीचे काटे. आम्ही एका पुलावर सावली पाहून पलीकडच्या काठावर गेलो, फराळ केला आणि तिथूनच पुढे निघालो. दीड किलोमीटरवर ती पायवाट झुडपात संपली. आमच्यापासून तीस हातांवर, पाण्यापलीकडे, चांगली मुरमाची वाट जात होती आणि मध्ये सिमेंटचे उतरते काठ नि वाहते पाणी. कालव्यात उतरण्याचा विचार कुणीही करू नये. अस्तरीकरणाच्या गुळगुळीत उतारावर शेवाळ असते, पाय टिकत नाही, आणि वर चढायला धरण्याजोगे काही नसते. चितळ आणि रानडुकरे पाणी प्यायला उतरून अशीच अडकतात, दोरखंड टाकून त्यांना काढावे लागते, असे चौकीदारांकडून आम्ही पुढे दोन ठिकाणी ऐकले. आम्ही मुकाट मागे फिरलो. त्यानंतर प्रत्येक पुलावर थांबून "पुढची वाट कोणत्या काठाने?" हे विचारल्यावाचून पाऊल टाकायचे नाही, असा नियम केला, आणि विचारायला कुणी नसेल तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ज्या काठावर दिसतील तो काठ धरायचा.

या विचारपुशीमुळेच प्रवास मंदावला, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. उन्हाळी धानाच्या रोवण्याचे दिवस होते. बांध्यांत चिखल केलेला, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या धुऱ्यावर मांडलेल्या, आणि बायांची ओळ मागे मागे सरकत रोवत चाललेली. "सायकलनं कोटी चालले जी गुरुजी?" असे खालून विचारले जाई. मी शिक्षक आहे हे त्यांना कसे कळे, हे मला अखेरपर्यंत उमगले नाही. जिथे नहराचे पाणी पोहोचत नाही अशा उंच बांध्यांत लाखोळी, जवस आणि हरभरा उभा होता. निळ्या फुलांचा जवसाचा पट्टा आणि शेजारी हिरवेगार रोवणे, ही सीमारेषा जिथे दिसे तिथे पाण्याची वितरिका, म्हणजे कालव्याची शाखा, कुठे संपते ते नकाशाशिवाय समजे. याच नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातील वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जपून, जो वाण तयार केला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. आज दुकानात तो तांदूळ मागणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. मामेभावाच्या मते ते ठाऊक नसले तरी भात तेवढाच चांगला लागतो.

पहिल्या रात्री आम्ही त्याच्या सासुरवाडीच्या नात्यातील एका घरी उतरलो. पोपटाच्या शेंगा आणि वांग्याची भाजी, भात, लाखोळीच्या डाळीचे वडे असे जेवण झाले आणि नऊला झोपावे असा विचार होता. परंतु त्या रात्री गावात नाटक होते. आमच्या या पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत हिवाळ्यात नाटक असलेल्या गावी पाहुण्याने झोपण्याची भाषा करणे हा यजमानांचा उपमर्द होय. वडस्याहून आलेली कंपनी, मंडप, चार तास गाणी आणि रडणे. आम्ही पहाटे तीनला अंथरुणावर पडलो. सकाळी लवकर निघायचेच नव्हते, आठच्या आत जंगलात शिरायचे नाही हे ठरलेलेच होते, अशी मी मनाची समजूत घातली. प्रत्यक्षात निघायला साडेनऊ झाले.

दुसऱ्या दिवशी नागभीड-ब्रह्मपुरी रस्ता ओलांडला. ज्या महामार्गावर मी अकरा वर्षे घालवली तो काटकोनात पार करायला आम्हाला मोजून नऊ सेकंद लागली आणि त्या नऊ सेकंदांत वहीत चार रेघा पडल्या. त्यानंतर बांध्या विरळ झाल्या आणि साग, ऐन, मोह यांचे जंगल कालव्याला येऊन भिडले. इथे पाळीवरची धूळ पिठासारखी बारीक होती, आणि तिच्यावर रात्रीची सगळी वर्दळ उमटलेली होती. चितळांचे खूर, रानडुकरांची उकर, मोराची बोटे, आणि या सगळ्यांच्या मधोमध, वाटेच्या ऐन मध्यावरून, घाई नसलेल्या चालीने गेलेली वाघाची पावले. झुडपातून जाण्यापेक्षा मोकळी, मऊ वाट त्यालाही बरी वाटते. ती पावले आम्ही जात होतो त्याच दिशेने जवळपास दोनशे मीटर जाऊन उतारावरून खाली उतरली होती. आमची बडबड आपोआप वाढली. मामेभावाने रात्रीच्या नाटकातील खलनायकाचे संवाद मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

आणि तिथून दीड किलोमीटरवर माझे मागचे चाक बसले.

आवाजावरूनच कळले की काटा मोठा आहे. एरवी पंक्चर हा दहा मिनिटांचा मामला: चाक काढायचे, ट्यूब ओढायची, पाण्याने छिद्र शोधायचे, घासायचे, सोल्यूशन लावून वाळू द्यायचे, पॅच दाबायचा. पण या सगळ्या कामात माणूस उकिडवा बसतो, मान खाली घालतो आणि दहा मिनिटे त्याचे जगाकडे लक्ष नसते. वनरक्षकांचे वाक्य आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवले असावे, कारण कुणी काही न बोलता आम्ही चालू लागलो. चाकाची रिम टायरवर घासत होती, टायर खराब होत होता, तरी मी सायकल ढकलत राहिलो. मामेभाऊ आपली सायकल घेऊन माझ्या मागे, वारंवार मागे वळून पाहत. पुढच्या गेटापर्यंत सव्वादोन किलोमीटर होते. ते चालायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली, आणि त्या चाळीस मिनिटांत मी जंगल जेवढे पाहिले तेवढे आदल्या दीड दिवसात मिळून पाहिले नव्हते. प्रत्येक ऐनाच्या साली, प्रत्येक वाळलेल्या पानाचा आवाज, खंड्याने पाण्यात मारलेला सूर, सगळे अतिशय स्पष्ट. भीती ही फार चांगली दुर्बीण आहे, पण ती मुद्दाम डोळ्याला लावावी अशी मी शिफारस करणार नाही.

गेटाजवळ चौकीदाराची खोली, झाडे तोडून मोकळे केलेले अंगण आणि एक कुत्रा होता. चौकीदारांनी आमच्याकडे आणि चाकाकडे पाहून विचारले, "पायदळच आणले काय जी? चांगलं केलं." त्यांच्या अंगणात बसून मी टायर उलटा केला तेव्हा आत बाभळीचा दोन बोटे लांब काटा निघाला, आणि रिमच्या घर्षणाने ट्यूब आणखी तीन ठिकाणी चिरलेली होती. ती टाकून दिली, जादा ट्यूब घातली. चहा झाला. त्यांनी सांगितले, की पुढे एका नाल्यावर कालवा जलसेतूवरून जातो, पण काठाची वाट पलीकडे जात नाही; अलीकडेच डावीकडे पांदणीने उतरावे.

आम्ही तसेच केले. पांदणीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या एवढ्या खोल होत्या की पायडल दोन्ही बाजूंना घासत होते. शिवाय धानाचे तणस भरलेल्या तीन गाड्या समोरून आल्यामुळे दोनदा आम्हाला सायकली कुंपणावर टेकवून उभे राहावे लागले. नाल्यात पोटरीएवढे पाणी होते. सामान काढून डोक्यावर, सायकली खांद्यावर, अशा दोन खेपा केल्या. त्या काळ्या सायकलीचे वजन किती असते याचा अनुभव मला दुसऱ्या खेपेत आला, कारण मामेभाऊ तोवर माझी हलकी सायकल घेऊन पलीकडे जाऊन बसला होता. दुसरा मुक्काम एका गावी सरपंचांच्या परवानगीने अंगणवाडीच्या खोलीत केला. दारे बंद करून, भिंतीवरच्या रंगीत आकड्यांखाली. पाच वाजताच गाव दाराआड गेले होते.

तिसऱ्या दिवसाबद्दल सांगण्याजोगे थोडे आहे, कारण तो दिवस नकाशाप्रमाणे गेला. एका ठिकाणी अस्तरीकरणाचे काम चालू असल्यामुळे पोकलेन उभे होते आणि त्याच्या चालकाने बादली बाजूला घेऊन आम्हाला वाट दिली. त्याची वहीत रेघ ओढायची की नाही यावर थोडा वाद झाला, ओढली. दुपारी दीडला झाडे मागे सरली, कालव्याचे पाणी रुंदावत गेले आणि समोर डोंगरांच्या मध्ये आसोलामेंढ्याचा जलाशय पसरला. ९९ किलोमीटरांपैकी प्रत्यक्ष पाळीवरून आम्ही सत्तरच्या आसपास गेलो असू; उरलेले अंतर पांदणींनी, गावरस्त्यांनी आणि एका नाल्याने भरून काढले. वैनगंगेचे जे पाणी परवा सकाळी आमच्या शेजारून निघाले होते ते आमच्या आधीच इथे पोहोचले असणार, असे मी म्हणालो. मामेभावाने वितरिका आणि गेटे मोजून सांगितले की त्यातील निम्मे तर वाटेतच धानाने प्यायले.

तिथून आतल्या रस्त्याने, उन्हे कलण्याआधी जंगलाचा पट्टा संपवीत, आम्ही सिंदेवाहीला आलो आणि गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहिली. गाडीत सायकली दाराजवळच्या जागेत उभ्या करून, त्यांना धरून, मामेभावाने वहीतील रेघा मोजल्या. तीन दिवसांत एकोणीस ट्रॅक्टर, सत्तावीस मोटारसायकली, एक पोकलेन, आणि महामार्ग ओलांडतानाच्या चार रेघा. त्या चौघांत तीन ट्रक होते. बैलगाड्या धरायच्या काय, असे त्याने विचारले, कारण आपल्याला सर्वांत जास्त त्यांनीच अडवले. मी नको म्हणालो.

ब्रह्मपुरीला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. स्टेशनाबाहेर येऊन आम्ही रस्त्याला लागतो न लागतो तोच मागून हॉर्न वाजला आणि माझा डावा खांदा आखडला. मामेभावाने ट्रकला जाऊ दिले, सायकल थांबवली, खिशातून वही काढली आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली उभे राहून आणखी एक रेघ ओढली.